समईची ज्योत आणि इंकस्केपमधले ग्रेडियंट

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या परिसरात मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घरी करून विकणाऱ्या एका काकूंसाठी मी नुकतेच बोधचिन्ह तयार केले, आणि ते पहिल्या रेषेपासून शेवटच्या फाइलपर्यंत इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्येच केले. चिन्ह साधे आहे: पितळी समई आणि तिची एकच ज्योत. समई एकरंगी चालेल, ज्योत मात्र तेवताना दिसली पाहिजे, एवढीच काकूंची अट होती. त्यामुळे इंकस्केपमधील ग्रेडियंटची, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जाणाऱ्या छटेची, जी कसून परीक्षा एरवी झाली नसती, ती या एका ज्योतीने घेतली.

इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झाले. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत असून त्याची मूळ फाइल एसव्हीजी, म्हणजे रेषा आणि आकार गणिती रूपात साठवणाऱ्या प्रकारची, असते. मी वापरतो ती आवृत्ती १.४ आहे. छापखान्यांत बहुतेक ठिकाणी याच कामाचे कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअरच उघडलेले असते, हे मला ठाऊक आहे. तरीही ग्रेडियंट थेट आकृतीवर धरून वळवण्याची जी सोय येथे आहे, तिच्यामुळे मी हे सॉफ्टवेअर सोडू शकलेलो नाही. जी हे अक्षर दाबावे, आकृतीवर रेघ ओढावी, त्या रेघेवर दोनदा क्लिक करावे की तेथे नवा स्टॉप, म्हणजे रंग ठरवणारा बिंदू, उमटतो. शिफ्ट आणि आर एकत्र दाबल्यास रंगांची दिशा उलटते, आणि कंट्रोल दाबून ओढल्यास रेघ पंधरा-पंधरा अंशांनी वळते. वर्तुळाकार ग्रेडियंटमध्ये शिफ्ट दाबून मधले टोक सरकवले, की प्रकाशाचा केंद्रबिंदू मध्यावरून बाजूला नेता येतो. ज्योतीचा उजळ भाग वातीजवळ खाली हवा होता. तो या एका युक्तीने मिळाला.

खरी अडचण रंगांची होती. तेलाच्या ज्योतीला बुडाशी निळसर छटा असते, म्हणून मी खालच्या टोकाला निळा आणि वर पिवळा असे दोनच स्टॉप ठेवले. काकूंनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "अरे, ज्योतीच्या पोटात काजळी का धरली आहे?" त्यांचे निरीक्षण अचूक होते. एसव्हीजीमध्ये दोन रंगांच्या मधली छटा लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही आकड्यांची स्वतंत्र सरासरी काढून ठरते. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ० आणि शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. त्यांच्या बरोबर मध्यावर तिन्ही आकडे १२८ च्या आसपास येतात, आणि तो निव्वळ राखाडी रंग असतो. हा दोष इंकस्केपचा नव्हे, गणिताचा आहे. मध्ये जवळजवळ पांढरा असा तिसरा स्टॉप घातला, निळ्याची पारदर्शकता वाढवली आणि टोकाकडे केशरी नेला, तेव्हा काजळी गेली. आवृत्ती १.२ पासून फिल अँड स्ट्रोक या, आकृतीचे आतले आणि कडेचे रंग ठरवण्याच्या, चौकटीतच सर्व स्टॉपची यादी दिसते. आकडे घालून असे काम करताना तिचा फार उपयोग होतो.

दुसरा प्रसंग व्हिजिटिंग कार्डाच्या वेळी घडला. ए-फोर आकाराचे चिन्ह मी लहान केले आणि ज्योत एकाच रंगाची झाली. निवड साधनाच्या वरच्या पट्टीत ग्रेडियंटला आकृतीबरोबर हलवण्याचे एक बटण असते. ते कधीतरी माझ्याकडून बंद झाले होते. आकृती लहान झाली, रंगांची रेघ मात्र जुन्या लांबीचीच राहिली, आणि ज्योतीच्या वाट्याला तिचा एक तुकडा तेवढा आला. नवख्या माणसाचा या एका बटणापायी तासभर जाईल, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ते चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

जाळीचा ग्रेडियंट, म्हणजे जाळीच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येणारा मेश, २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि तो देखणा आहे. येथील महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांच्या चित्रांतील रेशमी पदरांची झळाळी पाहताना, असे काही रेखाटायचे तर मेशच हवा, असे मला नेहमी वाटते. बोधचिन्हासाठी मात्र तो टाळावा. ब्राउझर हा प्रकार ओळखत नाहीत. तो दिसावा म्हणून इंकस्केप फाइलमध्ये जावास्क्रिप्ट घालते, आणि संकेतस्थळावर चित्र म्हणून लावलेल्या फाइलमध्ये ती चालतच नाही. रेषीय आणि वर्तुळाकार हे दोन प्रकार सर्वत्र दिसतात, आणि चिन्हाला तेवढे पुरतात.

फ्लेक्सने वेगळाच धडा दिला. ज्योतीमागे मी मलईच्या दोन छटांचा ग्रेडियंट ठेवला होता: २५५, २४४, २२० पासून २५५, २३६, १९६ पर्यंत. पडद्यावर तो मुलायम दिसत होता. चार फूट रुंदीच्या फलकावर मात्र उभे पट्टे उमटले, कारण दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त, म्हणजे निळ्याच्या आकड्यात, २४ पायऱ्यांचे अंतर होते आणि ४८ इंचांत त्यातली प्रत्येक पायरी दोन इंच रुंद झाली. जवळच्या छटा आणि मोठा पृष्ठभाग ही जोडी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये फसते. मी पार्श्वभूमी सपाट केली.

छपाईच्या बाबतीत इंकस्केप निश्चितच उणे पडते. त्याची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या, रंगांतच बाहेर पडते, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतले, रूपांतर छापखान्यावर सोडावे लागते, आणि झळाळता केशरी त्या रूपांतरात मंदावतो. पहिल्या नमुन्यात ज्योत विटकरीकडे झुकलेली पाहून मला वाईट वाटले. मी केशरीचा लालसरपणा कमी करून पुन्हा नमुना छापून घेतला, आणि दुसऱ्या नमुन्यावर काकूंनी होकार दिला. ज्याचे बहुतेक काम छापील आहे, त्याने हा नमुन्याचा खर्च आधीच धरावा. ज्याचे काम मुख्यतः पडद्यासाठी आहे, त्याला मी इंकस्केप निःसंकोच सुचवीन.

काकूंना मी चिन्हाच्या दोन आवृत्त्या दिल्या. एकीत ज्योतीला ग्रेडियंट आहे. दुसरीत समई आणि ज्योत एकाच रंगात असून दोघींमध्ये एक बारीक मोकळी फट आहे. व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरला आणि रबरी शिक्क्याला छटा कळत नाहीत, त्यांना फक्त कडा कळते. भाजणीच्या कागदी पिशव्यांवर सध्या उमटतो आहे तो हा दुसरा शिक्काच.