गायकासाठी वायरलेस माईक: २.४ गिगाहर्ट्झ की यूएचएफ?

साउंडचेकला माईक झकास चालतो आणि हॉल भरला की आवाज तुटायला लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या माईकबद्दलची ही नेहमीची तक्रार. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात. रिकाम्या हॉलमध्ये तिथे शांतता असते, मग प्रेक्षकांच्या खिशातून शेकडो मोबाईल आत येतात. शिवाय या लहरी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. माणसांची गर्दी त्या पिऊन टाकते. यूएचएफमध्ये, म्हणजे त्याखालच्या काहीशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ६०० मेगाहर्ट्झला हीच लांबी अर्धा मीटर होते आणि लहर गर्दीतून बरी वाट काढते. रिसीव्हर प्रेक्षकांच्या मागे मिक्सरपाशी राहणार असेल, तर मी यूएचएफच घेईन, तोही दोन अँटेनांचा.

पण यूएचएफच्या घरात टीव्हीची प्रक्षेपणंही राहतात. कोणती फ्रिक्वेन्सी विनापरवाना चालेल हे प्रत्येक देशात वेगळं, त्यामुळे बाहेरून स्वस्तात आणलेला सेट बेकायदा ठरू शकतो. २.४ ला जवळपास जगभर परवाना लागत नाही. छोट्या बैठकीत गाणार असाल आणि रिसीव्हर स्टेजवरच, नजरेच्या टप्प्यात ठेवणार असाल, तर त्यात काही वाईट नाही.

अ‍ॅनालॉग यूएचएफ आवाज आधी दाबून पाठवतो आणि रिसीव्हरवर पुन्हा फुलवतो. स्वस्त सेटमध्ये हळुवार स्वर विरताना त्यामागे बारीक सळसळ येते. डिजिटलमध्ये ती नसते, पण काही मिलिसेकंदांचा उशीर असतो. तीन मिलिसेकंद म्हणजे आवाजाने हवेत साधारण एक मीटर कापणं. नुसत्या माईकचा एवढाच असेल तर घाबरू नका. मात्र डिजिटल मिक्सर आणि कानातला मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा इअरफोन) हेही जोडले, की बेरीज वाढते आणि स्वतःचा आवाज पोकळ वाटू शकतो.

आता माईकचं डोकं, ज्याकडे खरेदी करताना सर्वांत कमी पाहिलं जातं. तानेत मान हलवणाऱ्याला कार्डिओइड, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि थेट मागचं टाळणारा माईक, सांभाळून घेतो. त्याच्यासोबतचा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, गायकाच्या बरोबर समोर, माईकच्या पाठीमागे ठेवायचा. सुपरकार्डिओइड बाजूचा तबला-ड्रम कमी उचलतो, पण त्याला थेट मागचंही थोडं ऐकू येतं, म्हणून मॉनिटर तिरके हवेत. जाळी मुठीत धरून गाणाऱ्याचं मात्र दोन्हींत स्पीकरच्या शिट्टीशी लग्न ठरलेलं. शुअर कंपनीचा १९६६ पासूनचा एसएम५८ कार्डिओइड आहे, बीटा ५८ए सुपरकार्डिओइड. दोन्ही डोकी वायरलेसवरही मिळतात. आधी त्यांच्या वायरच्या भावंडांवर पाच मिनिटं गाऊन बघा.