अमली पदार्थ: बंदी, गुन्ह्यातून सूट की परवाना?

खिशात १ ग्रॅम हेरॉइन सापडलेला एक तरुण डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या दिवशी तो कुठे असेल? मला तरी कायदा पारखायला हाच प्रश्न पुरेसा वाटतो.

बंदी असेल तर तो कोठडीत असेल. बंदीमुळे नवखा माणूस बिचकतो, हे खरंच आहे. पण लपवून न्यायचा माल जितका कडक, तितका तस्कराला सोयीचा. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत बिअर मागे पडली आणि कडक दारूला जोर आला. आज तीच गत फेंटानिल या कृत्रिम अमली पदार्थाची. ते हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असतं आणि पुडीत ते किती मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शेजारचा मित्र निळा पडत असतानाही पोलीस येतील या धास्तीने कुणी फोन करत नाही, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

पोर्तुगालमध्ये २००१ पासून हा तरुण एका समितीपुढे जातो. १० दिवसांच्या वापराइतका साठा तिथे फौजदारी गुन्हा नाही, विक्री मात्र गुन्हाच आहे. समितीत वकिलासोबत मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक अशी माणसं असतात. व्यसन जडलंय का, हे ती समोर बसवून विचारतात आणि उपचाराची वाट दाखवतात. सुयांमधून होणारी एचआयव्हीची लागण तिथे पुढे खूप घटली.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये थोडा साठा बाळगण्याची शिक्षा काढली. १०० डॉलर दंड, आणि मदतवाहिनीला फोन केला की तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचाराचा पैसा उशिरा पोचला आणि २०२४ मध्ये साठा बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. म्हणून असा प्रस्ताव समोर आला तर व्यसनमुक्ती केंद्रात आज जागा मिळते का, हे आधी विचारा.

परवान्याची वाट उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये धरली, तीही फक्त गांजासाठी. तीव्रता वेष्टनावर छापलेली असते, वय तपासलं जातं. धोका दुकानदाराच्या नफ्याचा: रोज ओढणाऱ्यावरच त्याचा धंदा चालतो. दारू-तंबाखूत हे आपण बघतोच. त्यामुळे गांजाला परवाना द्यावा, पण जाहिरातीला अजिबात नाही, असं माझं मत आहे.

हेरॉइन दुकानात नकोच. स्वित्झर्लंडने १९९४ पासून जुन्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांना ते दवाखान्यात, देखरेखीखाली दिलं. माल शुद्ध, सुई स्वच्छ आणि काही बिघडलं तर मदतीला माणूस तिथेच हजर.