फोटोंची किल्ली कपाटात: वर्षभर ‘एन्ते’ हे फोटो ॲप वापरल्यावर

अण्णांच्या पायाची जखम चिघळली होती तेव्हा दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना मी फोटो काढायचे आणि मिरजेच्या डॉक्टरांना पाठवायचे. सांगलीहून मिरज काही लांब नाही, पण त्यांना रिक्षात घालून न्यायचं म्हणजे रात्रभर पाय ठणकायचा. पुढे अण्णा गेले. आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी फोनने आपणहून एक व्हिडिओ बनवून समोर ठेवला. मागे गाणं, पुतणीच्या बारशाचे फोटो, कृष्णेचा घाट, आणि मध्येच ती जखम. चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून मी खाली बसले.

ती फोटो सेवा फोन घेतल्यापासून आपोआप चालू होती. आपले फोटो कंपनीच्या मशीनला उघडे दिसतात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अण्णांचा पाय त्या गाण्यात दिसणं वेगळं. त्याच दिवशी मला २०२२ मधली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाची बातमी आठवली. लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो त्याने डॉक्टरांसाठी काढले, ते क्लाउडवर चढले, गुगलच्या यंत्रणेने ते बालशोषणाचे धरले आणि त्याचं खातं बंद झालं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. डॉक्टरांसाठी फोटो काढणारं घर आमचंही होतं.

म्हणून आपल्या गोष्टी अशा कंपन्यांच्या नजरेतून सोडवायचं ठरवलं आणि सुरुवात फोटोंपासून केली. शोधता शोधता ‘एन्ते’ सापडलं. मल्याळममध्ये या शब्दाचा अर्थ ‘माझं’. फोटो फोनमधून बाहेर पडण्याआधीच कुलूपबंद होतो आणि कुलूप उघडतं आपल्या पासवर्डने. कंपनीच्या सर्व्हरवर जे जातं ते त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही. ॲपचा कोड आधीपासूनच सगळ्यांना वाचायला खुला होता, २०२४ मध्ये त्यांनी सर्व्हरचाही खुला केला, म्हणजे त्यांचा दावा जाणकारांना स्वतः तपासता येतो. मला कोड कळत नाही, मी हिशेबनीस आहे. पण ज्याच्या वह्या कोणीही तपासू शकतो त्याच्यावर मी लवकर विश्वास ठेवते.

खातं उघडलं की चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. पासवर्ड विसरलात तर हे शब्दच किल्ली. दोन्ही गेलं तर फोटो गेले. कंपनीला फोन करून, आधार कार्ड दाखवून काही होत नाही, कारण किल्ली त्यांच्याकडे नसतेच. मी लेकीला शब्द वाचायला बसवलं आणि दुरेघी वहीच्या पानावर निळ्या बॉलपेनने एकेक शब्द सुटा लिहिला. मग मी वाचत गेले आणि ती फोनवर ताडत गेली. एका ठिकाणी माझ्या हातून एक अक्षर राहिलं होतं, ते तिने पकडलं. तो कागद आता लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या फाइलमध्ये आहे. तुम्ही हे ॲप घेणार असाल तर आधी ही एक गोष्ट करा. फोटो दुसऱ्या दिवशी चढवले तरी चालतील.

फुकटात १० जीबी मिळतात. माझे फोटो ६४ जीबी निघाले, म्हणून वर्षाचे पैसे भरले. तीच जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते, आमच्यात पुण्याचा दादा आणि वहिनी आहेत. जुन्या सेवेतून सगळं उतरवून घेण्यात माझे दोन रविवार गेले, आणि चढवायला घरच्या इंटरनेटवर आठवडाभर रात्री फोन चार्जरला लावून ठेवला. तुमचे फोटो गुगल फोटोजवर असतील तर गुगलच्याच ‘टेकआउट’ या सोयीतून ते एकगठ्ठा मागवता येतात. एन्तेच्या लॅपटॉपवरच्या ॲपला तो गठ्ठा तसाच देता येतो.

चेहरे ओळखण्याचं काम इथेही होतं, पण ते आपल्याच फोनवर. अण्णांच्या एका फोटोला मी नाव दिलं आणि त्यांचे फोटो एकत्र आले. शेतावरचे, माझ्या लग्नातले, शेवटच्या उन्हाळ्यात गॅलरीत पेपर वाचतानाचे. जखमेचे एकोणचाळीस फोटो मी वेगळ्या अल्बममध्ये काढून लपवले. पुसवत नाहीत. पण ते कधी बघायचे हे आता मी ठरवते.

आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. आपल्यानंतर खातं कोणाच्या हाती जावं हे आधीच नेमून ठेवता येतं. त्या माणसाने मागणी केली आणि ठरलेल्या मुदतीत आपण अडवलं नाही, तर खातं त्याला उघडतं. मी लेकीचं नाव घातलं आहे.

बाकीची सुटका सावकाश चालली आहे. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सिग्नल या मेसेजच्या ॲपवर नेला. ते ॲप ना-नफा संस्थेचं आहे, आणि २०१८ साली तिला पाच कोटी डॉलर देणारा ब्रायन ॲक्टन हा व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक, हे सांगितल्यावर दादा पटकन तयार झाला. सोसायटी आणि क्लायंट अजून व्हॉट्सॲपवरच आहेत, त्यांना मी ओढायला जात नाही. मेलसाठी प्रोटॉन घेतलं, पण बँक, पीएफ, विमा सगळीकडे जुना पत्ता आहे. दर महिन्याला एका ठिकाणी बदलते. गेल्या महिन्यात बँक झाली, या महिन्यात विमा.

जुन्या सेवेतले फोटो मी परवा पुसले. त्याआधी दोन्हीकडची संख्या जुळवून पाहिली, अल्बम उघडून मधलेमधले फोटो तपासले, आणि सगळ्यांची एक प्रत हार्डडिस्कवर घेऊन ती आईच्या ट्रंकेत ठेवली. आईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आहे.