बारा हजारांचं पुस्तक: घ्यावं की ग्रंथालयात वाचावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत लागलेला भाचा विचारतोय, "मामा, ओतकामाचं एवढं महाग पुस्तक घेऊ, की विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचू?"

पैशात ग्रंथालय जिंकतं, त्यात वाद नाही. खरा फरक गरज कधी पडते यात आहे. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे गोळीदार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडात, मॅग्नेशियम साधारण ०.०४ टक्के टिकवायचं असतं आणि लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, वितळलेला रस थांबला की काही मिनिटांतच मॅग्नेशियमचा असर उतरायला लागतो. रात्रपाळीत कास्टिंग रिजेक्ट झालं, तर कारण तिथल्या तिथं शोधावं लागतं. माझ्या प्रतीत कार्बन इक्विव्हॅलंटच्या (कार्बन-सिलिकॉनचा एकत्र हिशोब) पानावर काळ्या वाळूचे अंगठे उमटलेत. ग्रंथालयाच्या पुस्तकाला असा हात लावता येत नाही, समासात आपल्या भट्टीचे आकडेही लिहिता येत नाहीत.

टिकाऊपणाचं म्हणाल तर युटेक्टिकचा, म्हणजे ओतीव लोखंड सगळ्यात कमी तापमानाला वितळतं त्या कार्बन इक्विव्हॅलंटचा, ४.३ टक्के हा आकडा जुना होत नाही. सिम्युलेशन आणि मानकांची प्रकरणं मात्र लवकर शिळी होतात.

परीक्षेपुरतं किंवा एकाच प्रकरणासाठी हवं असेल, तर ग्रंथालय. भट्टीवर रोज उभा राहणार असशील, तर घे. आधी ग्रंथालयात दोन रविवार चाळ. तीनदा त्याच पानाकडं वळलास, तर पैसे मोज.