इंटरलँड: खेळ चांगला, पण शेजारी बसा

मुलांना इंटरनेटवर सांभाळून राहायला शिकवणारं काही फुकटात आणि बऱ्यापैकी मिळेल का, असं कोणी विचारलं की मी गूगलच्या इंटरलँडचं नाव सांगतो आणि लगेच दोन-चार ‘पण’ जोडतो. ते ‘पण’ जरा सविस्तर लिहितो.

2017 साली गूगलने ‘बी इंटरनेट ऑसम’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यातला हा खेळ. ब्राउझरमध्ये चालतो आणि खातं उघडावं लागत नाही. ही गोष्ट साधी समजू नका. याआधी मुलांच्या सुरक्षिततेचंच एक अ‍ॅप घेऊन पाहिलं होतं. नाव घेत नाही. पहिल्याच स्क्रीनवर त्याने मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि फोटो मागितला. अनोळखी ठिकाणी स्वतःची माहिती देऊ नये, हा धडा त्याच्या पुढे होता! तिथल्या तिथे काढून टाकलं.

इंटरलँडमध्ये चार प्रदेश आहेत. त्यातला माइंडफुल माउंटन मला सगळ्यात आवडला. डोंगरावर आरसे असतात, ते फिरवून प्रकाशाचा झोत योग्य माणसापर्यंत पोहोचवायचा. झोत म्हणजे आपण शेअर केलेली गोष्ट. चुकीच्या माणसाकडे गेला तर तो पुढे कुठेही पसरतो. मुलगी तिसरीत आहे. आरसा फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आपण मावशीला फोटो पाठवला, पण मावशी कोणाला पाठवेल ते आपल्याला कुठे कळतं?’’ एवढं डोक्यात उतरलं तरी खेळाचं काम झालं. मग आम्ही तिचाच एक बक्षीस घेतानाचा फोटो उघडला आणि त्यात काय काय दिसतंय ते शोधत बसलो. गणवेशावरचा बिल्ला, मागे शाळेची पाटी, कोपऱ्यात बसचा नंबर. फोन तशा सेटिंगवर असेल तर फोटोत जागेची नोंदही लपलेली असते, हे सांगितल्यावर तिचे डोळे मोठे झाले. तिने तो फोटो कापून फक्त चेहरा आणि बक्षीस ठेवलं.

टॉवर ऑफ ट्रेझरमध्ये हॅकर मागे लागलेला असतो आणि पळता पळता अक्षरं, आकडे, चिन्हं गोळा करून भक्कम पासवर्ड रचायचा. मुलांना हा भाग फार आवडतो. माझी मात्र इथे थोडी तक्रार आहे, कारण दिवसभर ऑफिसमधल्या लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं हेच माझं काम. चिन्हं-आकड्यांची सक्ती केली की माणसं काय करतात ते रोज बघतो. पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी ‘@123’, आणि झाला पासवर्ड ‘भक्कम’. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 मध्येच अशा मिश्रणाच्या सक्तीऐवजी लांबीवर भर द्यायला सांगितलं. आम्ही घरी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडायचा खेळ करतो. जितकं विचित्र चित्र डोळ्यांसमोर येईल तितकं चांगलं, ते लक्षातही राहतं. शिवाय या वयाच्या मुलांचा पासवर्ड हॅकर चोरत नाही, ती स्वतःच ‘बेस्ट फ्रेंड’ला सांगून टाकतात.

रिअ‍ॅलिटी रिव्हर म्हणजे प्रश्नोत्तरं. खरं काय, खोटं काय ते ओळखत नदी ओलांडायची. वाचता येत नसेल तर इथे काही उपयोग नाही. आमच्या धाकट्याने नुसत्या उड्या मारून घेतल्या. काइंड किंगडममध्ये त्रास देणाऱ्याला ब्लॉक करून त्याची तक्रार करायची असते. ठीक आहे, सोपं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. या खेळातला वाईट माणूस लांबूनच वाईट दिसतो. बाहेर तसं नसतं. बाहेर तो छान बोलतो, खेळात हरलं की धीर देतो आणि मग हळूच म्हणतो, हे आपल्या दोघांतच राहू दे. या उपक्रमाची तत्त्वं पाच, खेळातले प्रदेश चार. पाचवं तत्त्व म्हणजे शंका आली की मोठ्यांशी बोलायचं, आणि नेमका त्यालाच स्वतःचा प्रदेश नाही. कंपन्या आपली माहिती कशाला गोळा करतात हा विषयही चारही प्रदेशांत येत नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीने तो टाळावा यात नवल नाही, म्हणा.

म्हणून पाचव्यासाठी मीच अनोळखी खेळाडू होतो आणि मुलीला चिठ्ठ्या लिहितो. ‘तू किती मस्त खेळतेस!’ चालेल. ‘कोणत्या शाळेत आहेस?’ लगेच फुली. ‘तुला फुकट कॉइन देतो, फक्त आईच्या फोनवर आलेला नंबर सांग.’ इथे गाडी अडली. ‘‘बाबा, पण कॉइन खरंच मिळणार असतील तर?’’ त्या चिठ्ठीवर आम्ही जेवढं बोललो तेवढं अख्ख्या नदीवरही बोललो नव्हतो.

घरी नियम दोनच केलेत. ‘घरी सांगू नकोस’ असं कोणीही म्हटलं, अगदी ओळखीचा असला तरी, तीच गोष्ट आधी घरी सांगायची. आणि सांगितलं म्हणून टॅब काढून घेतला जाणार नाही. हा दुसरा नियम आमच्यासाठी आहे. टॅब जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात, आणि समोरच्यालाही ते पक्कं माहीत असतं.

मूल सलग वाचू लागलं असेल तर जरूर खेळवा. शक्यतो मोठ्या स्क्रीनवर, सुरुवात डोंगरापासून, आणि रोज एकच प्रदेश. नदीतले प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा, उत्तर मात्र त्यालाच देऊ द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पासवर्डसाठी कापला, एक त्या पाचव्या तत्त्वासाठी.