१:५ हरिकेनचं लेझर-कट किट, गोव्याच्या हवेत

दुसऱ्या महायुद्धातल्या हॉकर हरिकेन लढाऊ विमानाच्या, रेडिओवर उडवायच्या मॉडेलचं हे किट घ्यावं का? घ्यावं. फक्त शेपटीकडचं बरंचसं लाकूड बदलावं लागेल आणि जून ते सप्टेंबर शीटिंगला (पंखावर चिकटवायच्या पातळ लाकडी पाट्यांना) हात लावता येणार नाही, हे धरून घ्यावं. या मापाच्या लेझर-कट किटांची धाटणी इतकी सारखी असते की पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही बनावटीला लागू पडेल, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही.

खऱ्या हॉकर हरिकेनचा पंख ४० फुटांचा, १:५ ला तो २.४४ मीटर होतो. पंखाचं क्षेत्रफळ साधारण ९६ चौरस डेसिमीटर. वजन १२ किलोवर राखलं तर दर चौरस डेसिमीटरला १२५ ग्रॅम भार येतो आणि विमान सभ्यपणे उतरतं. १४ किलोला हाच आकडा १४६ वर जातो, उतरण्याचा वेग वाढतो, आणि तेवढी लांब गुळगुळीत पट्टी गोव्यात शोधायची कुठे?

खोक्यात बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि बर्च प्लायच्या कापलेल्या पाट्या, पूर्ण मापाचे नकाशे, फायबरग्लासचं कावलिंग (इंजिनावरचं आवरण), कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आणि पंख जोडायच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आहेत. इंजिन, रिट्रॅक्ट (चाकं आत घेणारी यंत्रणा), चाकं, स्पिनर (प्रॉपेलरच्या मधली टोपी), सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरा), टाकी, कापड, रंग यांतलं काहीच नाही. किटच्या किमतीवर हुरळू नये. खरा खर्च या दुसऱ्या यादीचा आहे. मागवतानाही सांभाळावं. परदेशी ड्रोन तयार किंवा जोडायच्या सुट्या स्वरूपात आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. नुसतं लाकूड येत असेल तर बिलावर ‘मोटर नाही, रेडिओ नाही’ असं स्पष्ट लिहून घ्यावं, आणि रेडिओ-सर्वो इथूनच घ्यावेत.

कटिंग उत्तम आहे. प्रत्येक रिबवर (पंखाची फासळी) आणि फॉर्मरवर (धडाची चौकट) नंबर कोरलेला, खाचा घट्ट बसतात. लेझरने जळालेला काळा काठ मात्र गोंद नीट धरत नाही. बाल्साचा काठ १८० नंबरच्या पॉलिश पेपरने एकदाच पुसावा. प्लायच्या खाचा घासू नयेत, त्या लगेच सैल होतात.

आता हवेचं. सूचना-पुस्तिका लिहिणाऱ्याने कोरड्या खोलीत काम केलंय हे पानोपानी जाणवतं. हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकडात साधारण ११ टक्के पाणी राहतं. ८५ टक्क्यांना ते १७-१८ वर जातं. लाकूड आडवं फुगतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. जुलैत रिबवर चिकटवलेली २.५ मिलिमीटरची शीट डिसेंबरात आक्रसते, दोन रिबांच्या मधे आत ओढली जाते आणि पंखावर उपाशी बैलासारख्या बरगड्या दिसू लागतात. त्यावर पुट्टी भरणं म्हणजे वजन वाढवणं. शीटिंगसाठीचं लाकूड आठवडाभर एसीच्या खोलीत सुटं उभं करून ठेवावं आणि पंखाचं काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरकावं. पावसाळ्यात फॉर्मर, सर्वोच्या पेट्या, कॉकपिट अशी लहान कामं खुशाल करावीत.

सायनोॲक्रिलेट (झटपट धरणारा सुपरग्लू) हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे इथे ते पुस्तिकेत लिहिल्यापेक्षा कितीतरी लवकर धरतं. लांब जोडाला ते वापरलं तर दुसरं टोक जुळवेपर्यंत पहिलं पकडलेलं असतं. शिवाय आजूबाजूला पांढरी राख बसते. लांब जोड आणि शीटिंगसाठी सुताराचा पिवळा किंवा पांढरा गोंदच बरा. सायनोॲक्रिलेटची बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. थंड बाटली उघडली की आतच दव धरतं.

बांधायला सपाट फळी लागते. फ्लश डोअर स्वस्त पडतं, पण एका पावसाळ्यात तेही वाकतं. ग्रॅनाईटचा उरलेला तुकडा आणि त्यावर टाचण्या टोचायला सॉफ्टबोर्ड, ही जोडी टिकते. रिबांना खाली पाय ठेवलेले आहेत, त्यांच्यावरच पंखाच्या टोकाचा वॉशआऊट (मुद्दाम दिलेला हलका पीळ) अवलंबून आहे. वरची शीट लावली की पुस्तिका पंख उचलून उलटा करायला सांगते. नुसता उलटा करून चालत नाही. पाय न कापता पंख उलटा करून पुन्हा फळीवर आधार देऊन बांधावा, खालची शीट सुकू द्यावी, मगच पाय कापावेत. दोन्ही बाजू बंद झाल्यावर राहिलेला चुकीचा पीळ कशानेही निघत नाही. हरिकेनचा मधला भाग सरळ आणि बाहेरचे पंख ३.५ अंश वर. हा कोन किटमध्ये नळीच्या बैठकीतच दिला आहे आणि तो बरोबर येतो.

या विमानाचा खरा त्रास नाकात आहे, ते आखूड आहे. शेपटीत वाढलेल्या प्रत्येक १० ग्रॅमला नाकात सुमारे २५ ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणून तराजू टेबलावरच हवा. १ मीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद, २.५ मिलिमीटर जाड बाल्साची पाटी हलक्या लाकडाची असेल तर २५ ग्रॅम भरते, जड असेल तर ४०. किटमधल्या पाट्यांत दोन्हींची सरमिसळ असते. हलक्या पाट्या निवडून शेपटीला द्याव्यात, जड पंखाच्या मुळाशी वापराव्यात. शेपटीच्या चार पाट्या बदलल्या तरी ६० ग्रॅम वाचतात, म्हणजे नाकातलं दीडशे ग्रॅम शिसं. मागच्या तीन फॉर्मरचं प्लाय भोकं पाडून हलकं करता येतं. शेपटीचे सर्वो मागे बसवायची आखणी नकाशावर आहे. ती सोडून ते कॉकपिटच्या खाली आणावेत आणि कार्बनच्या पुशरॉड वापराव्यात. मागे दोन सर्वो जरी बसवले तरी पुन्हा तीन-चारशे ग्रॅम शिसं. इतकं करूनही थोडं शिसं लागेलच. मासेमारीच्या जाळ्याला बांधतात ते शिसं सोपं पडतं: स्वस्त, लहान तुकड्यांत, आणि इपॉक्सीत घालून फायरवॉलच्या (इंजिन बसतं त्या प्लायच्या भिंतीच्या) पुढे बसवता येतं.

त्याआधी इंजिन. ५५ सीसी पेट्रोल दोन-स्ट्रोक पुरेसं होतं, पण नाकात वजन हवंच असेल तर ६० सीसी घ्यावं. शिशापेक्षा लोखंड वाहणं बरं. प्रॉपेलर २२×१० इंचांपासून सुरू करावा. फायरवॉल ३० मिनिटांच्या इपॉक्सीनेच लावावा, मागे त्रिकोणी लाकडाच्या पट्ट्या आणि आडव्या डॉवेलच्या खुंट्या द्याव्यात. पाच मिनिटांचं इपॉक्सी उष्णतेत मऊ पडतं, आणि एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत ती उष्णता सहज मिळते. कावलिंग अरुंद आहे. हवा आत यायला जागा आहे, बाहेर जायला पुरेशी नाही. बाहेरचं तोंड आतल्याच्या दुप्पट-अडीचपट कापावं, आणि आत पातळ प्लायचा अडसर घालून हवा सिलिंडर थंड करणाऱ्या कंगोऱ्यांमधूनच जाईल असं करावं. अडसर नसेल तर हवा बाजूने निसटते आणि इंजिन तिसऱ्या मिनिटाला तापून आवाज बदलतं.

रेडिओत नवीन काही नाही. एलेरॉन, फ्लॅप (दोन्ही पंखावरचे हलते भाग) आणि एलिव्हेटरला (शेपटीचा आडवा हलता भाग) प्रत्येकी दोन सर्वो, रडरला (शेपटीचा उभा हलता भाग) एक, सगळे १५ ते २० किलो-सेंटिमीटर जोराचे. थ्रॉटलला लहान चालतो. रिसीव्हरला दोन स्वतंत्र बॅटऱ्या आणि इग्निशनला वेगळी, तिला ट्रान्समीटरवरून बंद करायचा स्विच. खारी हवा तारांच्या प्लगच्या पिनांवर हिरवट थर आणते, तेव्हा दर हंगामात प्लग उघडून बघावेत.

बाहेरून हरिकेन पुढे पत्र्याचं आणि मागे कापडाचं. पुढच्या भागाला दर चौरस मीटरला २५ ग्रॅमचं काचकापड आणि फिनिशिंग इपॉक्सी लागतं. बोटी बांधणाऱ्यांकडची मॅट ३०० ग्रॅमच्या पुढची असते, तिचा इथे उपयोग नाही. दमट दिवशी इपॉक्सीवर तेलकट पांढरट पापुद्रा येतो. तो न धुता प्रायमर मारला तर रंग वर्षभरात सोलून निघतो. आधी साबणपाण्याने धुवावं, सुकवावं, मग घासावं. मागे इस्त्रीने चिकटणारं कापड. धडाच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्यांच्या मधे ते थोडं खोल बसतं आणि तेच खरं दिसतं.

डेकल (चिकटवायची चिन्हं) फक्त ब्रिटनच्या लढाईचे दिले आहेत. इथल्या माणसाला भारतीय हरिकेन करायचा मोह होईल, आणि तो व्हावाच: १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर अर्जन सिंग यांच्या हाताखालच्या १ नंबर स्क्वॉड्रनकडे हरिकेनच होती. त्या आघाडीच्या विमानांवरच्या वर्तुळाकार राष्ट्रचिन्हांत लाल रंग नसतो, गडद आणि फिकट निळा एवढेच. पण किट मार्क १ चं आहे. मार्क २ चं नाक किंचित लांब, आणि मार्क २सी ला आठ मशीनगनऐवजी चार तोफा बाहेर डोकावतात. तोफांच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतील. जुन्या विमानाचे रिव्हेट आणि पॅनेलचे जोड कसे दिसतात ते बघायला बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय जवळ आहे. तिथलं फायरफ्लाय विमान याच काळातलं.

उडवायचं कुठे हा किटचा दोष नाही, पण खरेदीच्या आधीचा प्रश्न नक्की आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल येतं. त्याला टाइप सर्टिफिकेट (बनावटीला सरकारी मान्यता) लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर नाही. वास्को, चिखली, बोगमाळो सरळ बाद. दाबोळीला नौदलाचा तळ आहे. उत्तरेला मोपा विमानतळाचं वर्तुळ. मधल्या जागेसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी पुन्हा बघावा.

सड्यावरचा जांभा चाकांना वाईट. कापणीनंतरच्या शेतात बांध आडवे येतात. हरिकेनची चाकं रुंद अंतरावर असल्याने ते स्पिटफायरसारखं बाजूला कलंडत नाही, मात्र नाकावर सहज जातं. जमिनीवर चालवताना एलिव्हेटर पूर्ण वर धरावा. रिट्रॅक्टच्या सांध्यात लाल धूळ बसते, ब्रशने रोज काढावी. वारा दुपारी समुद्रावरून चढतो, म्हणून पहिलं उड्डाण सकाळी. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या काठापासून सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या रुंदीच्या) २५ टक्क्यांवर, नंतरच्या उड्डाणांतही २८ च्या मागे नको. पहिल्या फेरीत चाकं वर घेऊ नयेत, आणि फ्लॅप उंचीवर उघडून नाक वर जातं की खाली ते पाहून घ्यावं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. दर २५ ते ३० भागांना १ भाग दोन-स्ट्रोक तेल घालून मिश्रण ताजंच करावं. दिवस संपला की टाकी उपसून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं; तसंच ठेवलं तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि पुढच्या वेळी ते नुसतं धडपडत राहतं, सुरू होत नाही.