सिंगापूर पोलिसांचा अनुभव: नॅशनल सर्व्हिसमधल्या पोराने घेतलेला जबाब (५ पैकी ४ स्टार)

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मंडळी आता पोरांकडे, भावा-बहिणीकडे सिंगापूरला जाऊन येतात. ती जाऊन आली की फोटो टाकतात, हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, पण तिथल्या पोलिसांकडे काम पडलं तर काय होतं हे कुणी लिहिलेलं मी तरी बघितलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्या ठाण्यात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, कुणाच्या नोकरीला त्रास नको.

काम अगदी साधं होतं. ताईच्या बिल्डिंगखालून भाच्याची सायकल चोरीला गेली. तिथं सरकारी घरांच्या बिल्डिंगला एचडीबी म्हणतात आणि तळमजला मोकळा असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात, तिथंच सगळ्यांच्या सायकली लावलेल्या असतात. संध्याकाळी मी खाली फिरत असताना एक माणूस त्या सायकलपाशी वाकलेला मला दिसला होता, तेव्हा काही वाटलं नाही कारण कुणीही आपल्या सायकलचं कुलूप काढायला वाकतोच. रात्री भाचा वर येऊन म्हणाला मामा सायकल न्हाई. मग रिपोर्ट केला, तो घरबसल्या ऑनलाइन पण करता येतो, आम्ही जवळच्या नेबरहूड पोलिस सेंटरला चालत गेलो. नंतर साक्षीदार म्हणून मला जबाबाला बोलावलं.

आता मेन मुद्दा. जबाब घ्यायला जो समोर बसला तो विशीतला पोरगा होता, साध्या कपड्यात, गळ्यात पास. मला वाटलं हा क्लार्क असेल, साहेब मागनं येतील. तर साहेब होते बाजूलाच, केस त्यांच्याच नावावर होती, त्यांनी येऊन ओळख करून दिली, सुरुवातीला काय काय विचारायचं ते त्याला सांगितलं आणि पलीकडच्या टेबलावर आपलं काम करत बसले. प्रश्न विचारणं, टाइप करणं, फोटो दाखवणं हे सगळं त्या पोरानंच केलं. तो पगारी पोलिस नव्हता, नॅशनल सर्व्हिस करत होता, म्हणजे कायद्यानं सक्तीची देशसेवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिंगापूरमध्ये १९६७ पासून ही सक्ती आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला की पूर्णवेळ दोन वर्षं द्यावीच लागतात, टाळलं तर १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत जेल किंवा दोन्ही. आपल्याला वाटतं सगळे मिलिटरीत जातात, तसं नाही. कुणाला लष्करात पाठवतात, कुणाला पोलिसात, कुणाला फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्सवाल्या सिव्हिल डिफेन्समध्ये, आणि कुठं जायचं हे पोरगा ठरवत नाही, सरकार ठरवतं. पोलिसात गेलेल्यांना होम टीम अकॅडमीत ट्रेनिंग देतात आणि त्यांच्या हुद्द्याला स्पेशल कॉन्स्टेबल असं लावतात. पुष्कळजण गस्तीवर, बंदोबस्तावर असतात, त्यातल्या काहींना तपासाच्या कामाला घेतात. आमच्या नशिबात असाच एक आला.

बेळगावकराला पहिल्यांदा हे ऐकून भीतीच वाटेल. आपल्याकडे तपास म्हटलं की पीएसआय, मिशा, वीस वर्षांची सर्व्हिस असं डोळ्यापुढं येतंय. मला पण वाटलं की ज्याला अजून दाढी नीट आलेली नाही तो पोरगा माझा जबाब काय घेणार. पण जे बघितलं ते सांगतो, कारण त्यासाठीच हे चार स्टार आहेत.

पहिला प्रश्न त्यानं विचारला, अंकल, तुम्हाला इंग्लिश चालेल का, की दुभाषी पाहिजे? मी मराठी मीडियमचा, बेळगावातल्या शहापूरच्या शाळेतला, धंद्यापुरतं इंग्लिश येतंय पण पोलिसात बोलायचं म्हणजे जरा घाबरायलाच होतं. मी म्हटलं सावकाश बोलला तर चालेल. तो खरंच सावकाश बोलला. मला शब्द सापडत नव्हता तिथं थांबला, माझ्या तोंडात स्वतःचा शब्द घातला नाही. भाचा बाहेर बसला होता, त्याला आत घेतलं नाही, कारण एकाचं ऐकून दुसऱ्याची आठवण बदलायला नको म्हणे. हे पण मला पटलं.

सगळं टाइप झाल्यावर त्यानं प्रिंट काढून माझ्यापुढं ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, मोठ्यानं, प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून. मधे एक वाक्य आलं की मी त्या माणसाला सायकलचं कुलूप तोडताना बघितलं. मी म्हटलं नाही नाही, तोडताना नाही बघितलं, वाकलेला बघितला. तो थांबला. परत विचारलं, हातात काही होतं? मी म्हटलं हात दिसत नव्हते, पाठ माझ्याकडे होती. त्यानं ते वाक्य खोडलं, वर नवीन लिहिलं की पाठमोरा, सायकलजवळ वाकलेला, हात दिसले नाहीत, आणि जिथं खोडलं तिथं माझी छोटी सही घेतली. पुढं वेळ आली, त्यानं साडेसात लिहिलं होतं, मी म्हटलं घड्याळ नव्हतं बघितलं, दिवे लागले होते एवढं नक्की. ते पण बदललं. शेवटी विचारलं, अजून काही बदलायचं आहे, काही वाढवायचं आहे? मगच खाली सही.

वाकलेला आणि तोडताना, या दोन शब्दांत एका माणसाची जेल आहे. तो माणूस कदाचित स्वतःच्याच सायकलचं कुलूप काढत असेल! विशीतल्या पोराला हे कळतंय आणि तो एका बाहेरच्या देशातल्या माणसाच्या सांगण्यावरून स्वतः टाइप केलेलं खोडतोय, हे मला फार मोठं वाटलं.

नंतर वाचल्यावर कळलं की हा त्याचा चांगुलपणा होता तसाच तिथला कायदा पण आहे. सिंगापूरच्या क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम २२ मध्ये आहे की जबाब लिहायचा, त्या माणसाला वाचून दाखवायचा, इंग्लिश कळत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायचा आणि मग सही घ्यायची. पोरानं फक्त ते मनापासून केलं, उरकलं नाही.

आता आपल्याकडचं, कारण इथं मला खरंच बोलायचंय. आमचं शहापुरात साड्यांचं दुकान, वडगावच्या मागावरचा माल ठेवतो. मागं एकदा दुकान फुटलं तेव्हा बाबा इकडच्या एका ठाण्यात फिर्याद द्यायला गेले. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली, ते ठीकच आहे, राज्याची भाषा ती आहे आणि बाबा कन्नड फाडफाड बोलतात, निम्मं गिऱ्हाईक कन्नडच आहे आमचं. पण वाचता येत नाही त्यांना. लिहिणाऱ्यानं कागद फिरवला आणि सही करा म्हणाला. बाबांनी केली. वाचून कुणी दाखवलंच नाही. पुढं वकिलाकडे कागद गेला तेव्हा कळलं की रेशमी साड्यांचा एक अख्खा गठ्ठा यादीत नाहीच, आणि दुकान बंद केल्याची वेळ पण वेगळी. बाबा घरात परत परत एकच म्हणूलाले, मी सांगितलेलं रे, मी सगळं सांगितलेलं.

आणि गंमत नाही, खरं सांगतो, आपल्या कायद्यात पण हे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, मग सही, आणि कॉपी फुकट द्यायची. तिच्या आधीच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १५४ मध्ये पण हेच होतं, म्हणजे बाबांच्या वेळीही होतं. ऑनलाइन तक्रार पाठवली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची, मग ती नोंद होते. साक्षीदाराच्या जबाबाचं मात्र आपल्याकडे उलटं आहे, कलम १८१ प्रमाणे पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, म्हणजे पोलिसानं लिहिलेल्या कागदाला माणूस बांधला जाऊ नये. ते चांगलंच आहे. पण मग साक्षीदारानं काय सांगितलं आणि काय लिहिलं हे त्याला बहुतेक वेळा दिसत नाही. ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंगची सोय नवीन कायद्यात आहे, ती वापरा म्हणून सांगायला काय हरकत आहे.

तेव्हा फिर्याद द्यायला जाणाऱ्या प्रत्येकानं, मराठी असो कन्नड असो उर्दू असो, सहीच्या आधी म्हणायचं, साहेब वाचून दाखवा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस बरोबर न्यायचा. अर्ज मराठीत द्यायचा असेल तर घटनेच्या कलम ३५० नं तो हक्क दिलाय, तक्रार निवारणासाठी राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतंय. भांडायला जायचं नाही, शांतपणे म्हणायचं.

परत सिंगापूरवर येतो. कॅमेऱ्याचं काम पण त्या पोराकडेच होतं. तिथं २०१२ पासून पोलकॅम म्हणून पोलिसांचे कॅमेरे लावायला घेतले आणि २०१६ पर्यंत सुमारे १०,००० एचडीबी ब्लॉक आणि पार्किंगच्या इमारतींवर लावून झाले, लिफ्टजवळ पाटीच असते. त्यानं मला फोटो दाखवले तेव्हा एकाच माणसाचा फोटो दाखवून हाच का असं विचारलं नाही, आणि मी ओळखता येत नाही म्हटलं तर तोंड वाकडं केलं नाही. तसंच लिहून घेतलं, ओळखता आलं नाही.

सायकल मिळाली का? नाही मिळाली. भाच्याला पुढं कळवलं की आत्तापर्यंत काय केलं आणि काही नवीन समजलं तर परत कळवू. ज्यांना रिझल्टवर स्टार द्यायचे त्यांनी कमी द्यावेत, मी सायकलसाठी रिव्ह्यू लिहीत नाहीये.

एक स्टार मी कापलाय तो वेगळ्या कारणासाठी. निघताना तो पोरगा म्हणाला की त्याची दोन वर्षं संपत आलीत, पुढं दुसरा कुणीतरी फोन करेल. फोन दुसऱ्याचाच आला, फाइल नीट लिहिलेली होती त्यामुळे भाच्याला पहिल्यापासून सांगायला लागलं नाही. पण विचार करा, इतका चांगला हात तयार झाला, माणसाला बोलतं करायचं जमायला लागलं, आणि तेवढ्यात तो घरी गेला. नंतर दरवर्षी काही दिवस रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव माणूस म्हणून बोलावतात, पण तपासाचं काम रोजच्या रोज करूनच अंगात मुरतंय. सायकल चोरीला चालेल, घरातल्या मारहाणीची केस असेल, बाईमाणूस बोलायला घाबरत असेल, तिथं दोन वर्षांवाला पोरगा एकटा नकोच, शेजारचे ते अनुभवी साहेबच पुढं पाहिजेत. तिथं ते बसलेले होते हे मी बघितलं, म्हणून एकच स्टार कमी.

आपल्याकडे काहीजण लगेच म्हणतील की इथं पण अशी सक्ती आणा. माझं तसं म्हणणं नाही. आपल्याकडे पोरं स्वतःहून पळतात, पहाटे बेळगावात कुठल्याही ग्राउंडवर जा, भरतीची पोरं धावताना दिसतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच आहे, त्यामुळे लहानपणापासून ते डोळ्यापुढं असतंय. २०२२ च्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षं करून जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात, बाकीची शिस्त शिकून परत येतात. होमगार्डची पोरं-पोरी सौंदत्तीच्या यल्लम्मा जत्रेला, गणपती विसर्जनाला रात्रभर उभी असतात. यांना बंदोबस्ताच्या पलीकडं काही शिकवा असं मला फार वाटतं. तपास त्यांच्या हातात द्यायचा नाही, पण ठाण्यात आलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत कागद वाचून दाखवायला एक शिकलेला पोरगा बसवला तर? मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही बोलणारी पोरं बेळगावात गल्लोगल्ली आहेत.

शेवटचं, ज्यांची पोरं सिंगापूरला सेटल व्हायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. आई-बापाच्या नावावर मुलाला पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना मिळाला की तो मुलगा नॅशनल सर्व्हिसला बांधला जातो, नागरिक नसला तरी. साडेसोळाच्या आसपास रजिस्ट्रेशनचं पत्र येतं. माझ्या भाच्याचं तेच आहे, ताई काळजीत आहे, भाचा मात्र त्या दिवशी बाहेर बसून पाटीवरचं सगळं वाचत होता आणि परत येताना मला विचारत होता की मामा, पोलिसात टाकलं तर तपासाला घेतील का. पीआरचा फॉर्म भरायच्या आधी मुलाशी बसून हे बोला, फॉर्म भरल्यावर नको.